जखम सांगेल, ऐकणार कोण?

आजचा विषय म्हणजे मलमपट्टी. पण ही पट्टी आता साधी राहिलेली नाही. जखमेवर बसल्या बसल्या ती आतलं तापमान मोजते, आम्लता मोजते आणि निरोप थेट मोबाईलवर धाडते. तिला ‘स्मार्ट ड्रेसिंग’ म्हणतात. कौतुक भरपूर झालंय. आज आम्ही तिची जरा चिकित्सा करणार आहोत.

आधी श्रेय देऊ. आपल्याकडे अजूनही सांगतात, जखम उघडी ठेवा, वारा लागू दे, खपली धरू दे. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं, की पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर उघड्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने कातडी येते. तेव्हापासून झाकणं हाच उपचाराचा भाग झाला. पण त्यातून एक पेच निघाला. झाकलेली जखम दिसत नाही. बघायला पट्टी काढावी, तर नुकती धरलेली कोवळी कातडी सोलवटून निघते. न उघडता आतलं कळलं तर? हा प्रश्न अगदी खरा आहे, आणि स्मार्ट पट्टी त्याचंच उत्तर शोधते आहे.

आता कळतं काय ते पाहू. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा पीएच साधारण ४ ते ६. रेंगाळलेली जखम बहुधा ७ च्या पुढे सरकते. संसर्ग झाला की तापमान वाढतं. २०१८ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या गटाने या दोन्ही गोष्टी मोजून गरजेप्रमाणे औषध सोडणारी पट्टी प्रयोगशाळेत केली. २०२२ साली स्टॅनफर्डच्या गटाने जखम मोजणारी आणि तिला सौम्य वीजप्रवाह देणारी पट्टी उंदरांवर वापरली. जखमा सुमारे २५ टक्के लवकर भरल्या. २०२५ साली कॅलटेकच्या गटाने जखमेतला स्राव सतत तपासणारी पट्टी २० रुग्णांवर वापरून पाहिली.

इथे आमची पहिली शंका. उंदराची कातडी सैल असते. त्याची जखम बरीचशी आकसून मिटते; माणसाची तशी मिटत नाही, तिथे नवी पेशी धरावी लागते. म्हणून उंदरावरचे टक्के आपल्या पायाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आणि २० रुग्ण ही सुरुवात झाली, निकाल नव्हे.

दुसरी शंका मोठी आहे. महिनोन्‌महिने न भरणारी जखम कुणाला होते? बऱ्याचदा मधुमेही माणसाच्या तळपायाला. शुगरमुळे नसा बधिर झालेल्या असतात. चपलेत खडा गेलाय, हे त्याला कळतच नाही. जखम होते, दुखत नाही, म्हणून तो तसाच चालत राहतो. शुगर, रक्तपुरवठा, संसर्ग ही कारणं आहेतच. पण रोज त्या जखमेवर अख्ख्या देहाचा भार पडतो, त्याचं काय? पट्टी म्हणेल, ‘तापमान वाढलंय.’ माणूस म्हणेल, ‘बरं, दुकानातून येतो, मग बघू.’

हे आम्ही कल्पनेने बोलत नाही. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या अशाच बधिर हातापायांवर कित्येक वर्षं काम केलं. पुढे अमेरिकेत कारव्हिलला त्यांच्या गटाने हातमोज्यांत आणि पायमोज्यांत दाब ओळखणारे सेन्सर बसवले. धोका आला की आवाज व्हायचा. रुग्ण दुर्लक्ष करायचे. मग विजेचा झटका दिला. तर काम उरकेपर्यंत रुग्ण यंत्रच बंद करायचे! ब्रँड यांनी शेवटी तो नाद सोडला. त्यांना कळून चुकलं, की वेदना नुसता निरोप देत नाही, ती माणसाला थांबवते. आणि तिचं बटण आपल्या हातात नसतं.

स्मार्ट पट्टीची आमची मुख्य तक्रार हीच. ती वेदनेची बातमी देते. वेदनेचा हुकूम तिच्याकडे नाही. काही पट्ट्या स्वतः औषध सोडतात, वीज देतात, हे मान्य. पण पायावरचं वजन त्या उतरवत नाहीत. ते काम प्लास्टर करतं. योग्य रुग्णात, म्हणजे रक्तपुरवठा ठीक असेल आणि गंभीर संसर्ग नसेल तेव्हा, तळव्याच्या जखमेला गुडघ्यापर्यंतचं न काढता येणारं प्लास्टर आजही पहिल्या पसंतीचं मानतात. काढता येणारा बूट मागे पडतो. का, तर लोक तो काढतात! शहाणपणा त्या प्लास्टरमध्ये आहे, आणि त्यात एकही सेन्सर नाही.

मग ही पट्टी टाकाऊ का? मुळीच नाही. भाजलेला रुग्ण वॉर्डात आहे, नर्स जवळ आहे, अशा जागी तिचा निरोप ऐकणारं कुणीतरी असतं. तिथे ती सोनं ठरेल. म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा ‘काय मोजलं’ एवढ्यावर थांबू नका. तीन प्रश्न विचारा: निरोप कुणाला गेला? त्याने किती वेळात काय केलं? आणि शेवटी किती पाय वाचले?

एवढं बोलून आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.