सहलीच्या सूचनापत्रातील डास

वेरूळ-अजिंठ्याच्या सहलींची सूचनापत्रके शाळा-शाळांतून निघतात. त्यांत 'रात्री डासांचे मलम लावावे' अशी एखादी ओळ असते. ती चूक नाही, अपुरी आहे; आणि हे विज्ञानशिक्षकाच्या नजरेतून सुटू नये.

या ओळीत डास एकच आहे. रोनाल्ड रॉस यांची १८९५ पासूनची सुमारे दोन वर्षे भलत्याच जातींचे डास तपासण्यात गेली. पंखांवर ठिपके असलेला ॲनोफेलिस हाती आला, तेव्हा कुठे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत हिवतापाचे कोडे सुटू लागले. 'कोणता डास?' हाच प्रश्न आपले पत्रक विचारत नाही. ॲनोफेलिस आणि हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स यांच्या माद्या मुख्यतः सूर्यास्तानंतर चावतात. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारी एडिस इजिप्तीची मादी मात्र दिवसा चावते, विशेषतः सकाळी आणि दुपार कलल्यावर. त्या वेळी मुले उघड्या हातापायांनी लेणी पाहत असतात आणि मलमाची नळी मुक्कामाच्या पिशवीत असते!

'घाण तेथे डास' हे आपले आवडते सूत्रही अर्धेच खरे. गटारात वाढतो तो क्युलेक्स. एडिसला साठवलेले स्वच्छ पाणी चालते. शहरी हिवताप पसरवणारा ॲनोफेलिस स्टीफेन्सीही टाक्यांत वाढतो. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) जायकवाडीचे पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने येत आले आहे. पिंप, हौद, टाक्या भरून ठेवणे ही तिथे हौस नव्हे, गरज. तेव्हा मुक्कामाची जागा स्वच्छ आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. टाक्यांना घट्ट झाकणे आहेत का, हे शिक्षकांनी पाहावे. नुसते पाणी ओतून दिल्यानेही भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. आठवड्यातून एकदा भांडे घासायचे ते यासाठी. (न ऐकू येणाऱ्या आवाजाने डास पळवणाऱ्या यंत्रांवर सहलनिधी खर्च करू नये, ती निरुपयोगी आहेत.)

शिवाय ही पत्रके परतीच्या बसपाशी संपतात. डेंग्यूचा ताप चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी येतो, फाल्सिपेरम हिवताप आठवड्याने किंवा त्याहून उशिरा, तर व्हायव्हॅक्स कित्येक महिन्यांनीही. म्हणून पालकांसाठी आणखी एक ओळ हवी : सहलीनंतर मुलाला ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे, डॉक्टरांना मुक्कामाचे गाव व तारखा सांगाव्यात, आणि ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नये.