एक हसरा वैयाकरण

मी शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. कॉलेजची पायरी काही चढलो नाही. अशा माणसाने इंग्रजी व्याकरणावरच्या ग्रंथाचे परीक्षण करावे, आणि तेही दिवाळी अंकात, म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यातला प्रकार! पण वाचकहो, हा ग्रंथ कारले नव्हे, चकली आहे. काटेरी आहे खरा, पण खुसखुशीत.

ग्रंथाचे नाव 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज', कर्ता हेन्री वॉटसन फाउलर, साल १९२६. मला तो एका रद्दीच्या दुकानात मिळाला, आणि मिळाला तो फार उशिरा.

त्याच्या आधी काय घडले ते सांगतो. वर्गातल्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, 'द बॉय आय प्लेड विथ'. ज्याच्याबरोबर मी खेळलो तो मुलगा. मी तांबड्या शाईने ते खोडून 'द बॉय विथ हूम आय प्लेड' असे केले आणि अर्धा गुण कापला. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येता कामा नये, हा नियम माझ्या मास्तरांनी मला छडीसकट दिला होता. मुलगा म्हणाला, "सर, असं बोललो तर तो परत माझ्याशी खेळायला येईल का?" वर्ग हसला. मी हसलो नाही. त्याला बाकावर उभे केले. पुढे वर्षभर त्याच्या निबंधात एकही चूक सापडली नाही. 'धिस इज माय स्कूल. इट इज बिग.' चार-चार शब्दांची वाक्ये. पोराने इंग्रजीत बोलायचेच सोडून दिले होते आणि मी त्याला पुरेपूर गुण देत होतो.

फाउलरने या नियमाची रवानगी अंधश्रद्धांच्या खात्यात केलेली आहे. मुळात ही कुरकुर ड्रायडन कवीची. १६७२ साली त्याने बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला, आणि गंमत पाहा, स्वतःच्या १६६८ सालच्या नाट्यविषयक निबंधाची १६८४ साली नवी आवृत्ती काढताना त्यातलीही अशी वाक्ये वेचून दुरुस्त केली. एका कवीचा कान नाजूक निघाला आणि त्यापायी शाळाशाळांतून पोरांच्या हातांवर वळ उठले! १७६२ साली आपल्या व्याकरणात रॉबर्ट लाउथ यांनी सांगितले, की इंग्रजी भाषेचा या रचनेकडे ओढाच आहे. आणि हे सांगणारे त्यांचे वाक्यच मुळी 'टु'वर संपते. फाउलर येथे पांडित्य सांगत बसत नाही. थोरामोठ्यांची तशीच संपणारी वाक्ये तो एकापुढे एक मांडत जातो. मांडता मांडता आपली तांबडी शाई आपल्याच बोटांना लागल्याचे ध्यानात येते.

'टु' आणि क्रियापद यांच्या मध्ये तिसरा शब्द घुसवावा की नाही, हा तिकडचा दुसरा जुना तंटा. मराठीत 'जाणे' हे एकसंध. फोडायची सोयच नाही, म्हणून आपण सुखी. फाउलर या प्रश्नावर सगळ्या इंग्रजी जगाच्या पाच जाती पाडतो. अज्ञानी पण बेफिकीर, अज्ञानी पण फार काळजीवाहू, अशा चढत्या श्रेणीने. पहिल्या जातीचा त्याला हेवा वाटतो. दुसऱ्या जातीत मी मला चष्म्यासकट ओळखले.

पण मला खरे झोंबले ते त्याचे 'एलिगंट व्हेरिएशन'. एकच शब्द दोनदा आला तर आकाश कोसळेल या भीतीने नवे नवे प्रतिशब्द शोधण्याची ही खोड. माझ्या पहिल्या कादंबरीत सुमती खोलीत येते, मग ती कमलनयना खिडकीशी जाते, ती तन्वी उसासा टाकते आणि ती युवती खाली बसते. एका वाचकाने कार्ड टाकून विचारले होते, की खोलीत एकूण बायका किती? त्या गृहस्थाने फाउलर वाचलेला नसावा. त्याला गरजही नव्हती.

हा फाउलर स्वतः मास्तरच. सेडबर्गच्या शाळेत सतरा वर्षे त्याने शिकवले. नियमांवर जन्म काढलेल्या या माणसाने १९१५ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आपण चव्वेचाळीसचे आहोत असे ठोकून देऊन पलटणीत नाव घातले! कोश त्याने आणि धाकटा भाऊ फ्रान्सिस याने मिळून योजला होता. भाऊ १९१८ साली गेला. ग्रंथ त्यालाच अर्पण केला आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. लेखांना त्याने अशी नावे दिली आहेत की हवे ते सापडू नये. 'नरभक्षण' या मथळ्याखाली शब्दांनी शेजारच्या शब्दांना गिळण्याचा प्रकार असेल, हे कोणाच्या स्वप्नात यावे? १९६५ साली सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी दुसऱ्या आवृत्तीत विषयवार सूची जोडली तेव्हा कुठे वाट दिसली. (१९९६ साली बर्चफील्ड यांनी ग्रंथ जवळजवळ नव्याने लिहिला. माहिती वाढली, खुसखुशीतपणा मात्र गेला.)

मोठा दोष निराळाच आहे. 'आय डिसलाइक हिम गोइंग' म्हणावे की 'हिज गोइंग', या प्रश्नावर फाउलर एकदम चिडतो. मराठीत 'त्याचे जाणे' असे आपण सहज म्हणतो. 'तो जाणे' म्हटले तर अर्थच पालटतो. इंग्रजीत मात्र दोन्ही चालत आलेले. फाउलर पहिल्याला नवी कीड म्हणून झोडपतो, आणि येथे त्याच्या लेखणीत विनोदाचा थेंब उरत नाही. जेस्पर्सन या डॅनिश पंडिताने जुन्या नामवंत लेखकांतली तशीच उदाहरणे काढून दाखवली, तरी बाबा हटला नाही. सबंध ग्रंथ वाचून माझे मत झाले ते असे, की जेथे फाउलर हसतो तेथे तो बहुधा बरोबर असतो, आणि जेथे आवाज चढवतो तेथे त्याचा पुरावा तपासून घ्यावा. माझ्या वर्गात त्या दिवशी आवाज कोणाचा चढला होता, हे वर आलेच आहे.

हल्ली उत्तरपत्रिकेत वाक्याच्या शेवटी 'विथ' दिसला, की मी पुढचे वाक्य वाचतो. 'हिम गोइंग' दिसले तर, फाउलरसाहेब क्षमा करोत, मी जेस्पर्सनच्या बाजूचा. तो मुलगा परवा बाजारात भेटला. वाण्याच्या दुकानी हिशेब लिहितो. इंग्रजीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. त्याचा अर्धा गुण तेवढा माझ्याकडे राहिला आहे.