करुणेचे ताट

श्री. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाले. श्री. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला आणि मूळ पुस्तकाची चर्चा पुन्हा सुरू झाली. मराठवाड्यातील महार व मांग या दोन समाजांच्या स्वयंपाकाची ही नोंद आहे. तीत पाककृती आहेत, आठवणी आहेत, आणि त्यांच्या आधाराने घेतलेला धर्मविचाराचा झाडाही आहे. भोजनापूर्वी म्हणावयाच्या श्लोकाने अन्नास पूर्णब्रह्म ठरविले. ज्यांच्या ताटात तूप नाही, दूध नाही, आणि जे आहे त्याचे नाव चारचौघांत घेण्याची सोय नाही, त्यांच्या अन्नाचे काय, हा प्रश्न लेखकाने शीर्षकात एकच अक्षर वाढवून विचारला आहे.

आमच्या धर्मग्रामातील एका वाचकाने हे पुस्तक परत करताना आम्हांस विचारले, "फादर, अन्याय झाला हे खरे, पण ज्या पानांवर रक्ती शिजते आणि चान्या वाळत घातल्या जातात, तेथे करुणा कोठे आहे?" प्रश्नकर्ते स्वतः शाकाहारी नाहीत, सावजीचे मटण त्यांना वर्ज्य नाही. तरीही त्यांचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. दयेचा उपदेश करणाऱ्याने मांस खावे काय, हा प्रश्न आता आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलेही विचारू लागली आहेत.

प्रथम पुस्तकापुरते बोलू. गावात गुरू मेले की ते ओढून नेणे हे महारांचे काम होते आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला होता. ते जनावर खाण्यासाठी कोणी मारलेले नसे. हिंसेचा काटेकोर हिशेब मांडला, तर मृत जनावराचे मांस खाणारा हा मांसाहाऱ्यांत सर्वांत कमी दोषी ठरावा. नव्हे, ज्याच्या दुधासाठी वासराचे तोंड आचळापासून ओढले जाते, त्या दूधपित्याहूनही तो निर्दोष ठरावा. प्रत्यक्षात सर्वांत अधिक तिरस्कार त्याच्याच वाट्यास आला. तेव्हा त्या तिरस्काराचे मूळ जनावराविषयीच्या दयेत नव्हते. ते विटाळाच्या कल्पनेत होते, आणि दयेचे नाव त्यास मागाहून चिकटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाड येथे मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी. भूतदयेचा तो उपदेश नव्हता, हेही येथे ध्यानात घ्यावे.

आणि आम्ही ख्रिस्ती वाचकांनी येथे दुसऱ्यांकडे बोट दाखवून सुटू नये. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात, आपोआप मेलेले जनावर इस्राएलाने खाऊ नये, मात्र वेशीच्या आतील उपऱ्यास ते खावयास द्यावे अथवा परक्यास विकावे, अशी आज्ञा आहे. सेमिनरीत हा अध्याय आम्ही शुद्धाशुद्ध प्राण्यांची यादी म्हणून पाठ केला. त्या उपऱ्याची आठवण मात्र वर्गात कोणी काढली नाही. लेवीय पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात देशी आणि उपरा या दोघांनाही एकच नियम लावला आहे, हे खरे. पण पहिले वचनही आपल्याच शास्त्रात आहे. पाटोळे यांचे पुस्तक वाचल्यावर त्या वचनातील उपऱ्यास चेहरा येतो, हे या पुस्तकाचे आमच्यावरील ऋण आहे.

वाचकांना अधिक खटकते ती रक्ती. रक्त खाऊ नये असे नोहास सांगितले गेले आणि यरुशलेमच्या प्रेषितसभेनेही ते मना केले. परंतु गोव्याच्या पारंपरिक सोरपोतेलात डुकराचे रक्त घालतात, आणि सणाच्या जेवणात त्याचे कौतुकच होते. मेजावर आले की ती परंपरा, आणि झोपडीत शिजली की ती रक्ती! अशा वाचकास रुचीचा फरक सांगता येईल; नीतीचा सांगता येणार नाही.

तथापि या पुस्तकास एक मर्यादा आहे, आणि ती सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्याचा सारा भर माणसाच्या अपमानावर आणि माणसाच्या भुकेवर आहे. तो तसा असणे स्वाभाविकही आहे. पण जनावर येथे बहुधा मेल्यावरच येते. ज्याने त्याला चारा घातला, ज्याने ते जुंपले, त्याचे आणि त्या जनावराचे नाते या पानांत फारसे दिसत नाही. पुस्तक हक्काची बाजू समर्थपणे मांडते. जिवंत प्राण्याचे आपण काही देणे लागतो काय, या प्रश्नाशी मात्र ते थांबत नाही. हक्क सिद्ध झाला म्हणजे ते देणे फिटले असे होत नाही.

हे देणे मानणारी एक ख्रिस्ती स्त्री महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. तेथील अँग्लिकन भगिनींच्या आग्रहानंतरही त्यांनी मांस खाल्ले नाही. भगिनी जेराल्डीन यांना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. तो पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध झाला आहे. ख्रिस्त स्वीकारला म्हणजे पूर्वजांचे सारे आचार टाकलेच पाहिजेत, हे रमाबाईंना मान्य नव्हते. भगिनींचा संशय अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. ब्राह्मण घरातील आहारनियमात विटाळ आणि दया यांची सरमिसळ असतेच. परंतु कसोटी पुढे लागली. १८९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या. आमचा नागपूर जिल्हा त्या काळी त्याच प्रांतात होता. तेथून त्यांनी भुकेल्या, अनाथ मुली नेल्या आणि त्यांना आसरा दिला. जिच्या ताटात मांस नव्हते, तिने कोणाच्या ताटाचा विटाळ मानला नाही. तिचा शाकाहार आम्हांस विश्वसनीय वाटतो तो यामुळे.

संत पौलाने करिंथकरांस लिहिताना मांसाविषयी जे म्हटले, ते याच अंगाने वाचावे. माझ्या मांस खाण्याने बंधू अडखळत असेल तर मी ते कधीच खाणार नाही, असा त्याचा आशय आहे. तेथे प्रश्न मूर्तीस वाहिलेल्या मांसाचा होता, प्राण्याच्या वेदनेचा नव्हता. पण पौल त्याग स्वतःकडून मागतो, दुर्बळाकडून उकळीत नाही. आज नेमके उलट घडते. गाईंच्या कत्तलीस आपल्या राज्यात १९७६ पासूनच बंदी होती. २०१५ मध्ये ती बैल व वळू यांनाही लागू झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारी तरतूद रद्द केली. घरातील भांड्यात डोकावण्यास न्यायालयाने मर्यादा घातली. घरमालकांनी घातलेली नाही. आमच्या तरुणांना नोकरीनिमित्त शहरात खोली शोधताना नाव सांगितल्यावर पहिला प्रश्न येतो तो ताटाचा. भाड्याची खोली नाकारणाऱ्या या सोवळेपणास आम्ही भूतदया म्हणावयास तयार नाही.

मग आमच्या मुलांस काय सांगावे? धर्मसभेची १९९२ ची शिकवण अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग न्याय्य मानते. पण त्यांना निष्कारण क्लेश देणे वा मारणे हे मानवी प्रतिष्ठेस विसंगत ठरविते. हे दुसरे वाक्य आम्ही प्रवचनात क्वचितच उच्चारतो. मळणीच्या बैलास मुसके बांधू नये, ही आज्ञाही शास्त्रातच आहे. येथे पोळ्याला बैलाच्या खांदेमळणीस हात लावणारा शेतकरी दुसऱ्या दिवशी, करीला, घरी मटण शिजवितो. त्यास विसंगत म्हणणे सोपे आहे, परंतु तो निदान एका जनावरास नावाने ओळखतो. दुचाकीच्या दांड्याला पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्यांकडे न पाहता पुढे जाणारे आम्ही, आणि लग्नाच्या पंगतीनंतर अर्धे उष्टे मटण खड्ड्यात पुरणारे आम्ही, विसंगतीच्या परीक्षेत त्याच्या मागे आहोत. ज्या मुलास हे पाहून मांस सोडावेसे वाटते, त्यास घरातील वडीलधाऱ्यांनी ढोंगी ठरवू नये. त्याने मात्र ते सोडल्यावर शेजारच्या ताटाकडे नाक मुरडू नये.

आणखी एक गोष्ट. आपल्या मराठी ख्रिस्ती लेखकांनी नाताळच्या फराळावर पुष्कळ लिहिले आहे. ज्या कुटुंबांनी चान्या आणि रक्ती मागे ठेवून बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या स्वयंपाकघराविषयी लिहिलेले एकही पान आमच्या वाचनात नाही. ती कुटुंबे आमच्या उपासनेत पुढच्या बाकांवर बसतात. त्यांच्यातील वृद्ध स्त्रिया अजून सांगू शकतील. कोणी तरुणाने वही घेऊन बसावे.