मार्गनिर्धारणाचे धोरण आणि एक्सएमएलची भाषा : एक चिकित्सा

प्रस्तावना : इंटरनेटवर माहिती कोणत्या वाटेने न्यायची हे राउटर ठरवतो; परंतु कोणाची वाट स्वीकारावी आणि कोणती वाट कोणाला कळवावी, हा संस्थेच्या धोरणाचा प्रश्न आहे. पूर्वी हे धोरण प्रत्येक कंपनीच्या राउटरवर वेगळ्या आज्ञांत लिहावे लागे. २००१ मधील आरएफसी ३०६० या माहिती-प्रारूपाने 'अट पूर्ण झाल्यास कृती' अशी समान मांडणी दिली. २००६ मधील नेटकॉन्फ या मानकाने राउटरच्या मांडणीचा मजकूर एक्सएमएलमध्ये पाठवण्याची सोय केली.

गुण : नेटकॉन्फचे मोल केवळ खुणांच्या भाषेत नाही. बदल करताना इतरांना रोखता येते, मसुदा आधी तपासता येतो. ज्या राउटरवर तशी सोय आहे तेथे ठरलेल्या मुदतीत दुजोरा न मिळाल्यास जुनी मांडणी आपोआप परत येते. मानकात ही मुदत सहसा ६०० सेकंदांची आहे.

मर्यादा : एक्सएमएलची तपासणी ही व्याकरणाची तपासणी होय. वाक्य शुद्ध असूनही विधान घातक असू शकते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी यूट्यूबच्या पत्त्यांची एक वाट जाहीर केली. ती देशाबाहेर गेली आणि वरच्या पुरवठादाराने ती न गाळता पुढे पाठवली. यूट्यूबची नोंद /२२ ची, ही /२४ ची. अधिक नेमकी वाट जिंकते, या नियमाने जगातील मोठ्या भागाची रहदारी तिकडे वळली. ही नोंद एक्सएमएलमध्ये लिहिली असती तरी व्याकरणाच्या कसोटीला उतरलीच असती. चूक शब्दरचनेत नव्हती, 'हे कोणाला कळवायचे नाही' या न लिहिलेल्या अटीत होती.

पुढील वाटचाल : २०१० मध्ये यांग ही प्रारूप लिहिण्याची भाषा आली आणि २०२१ च्या आरएफसी ९०६७ ने मार्गनिर्धारणाच्या धोरणाचे प्रारूप त्याच भाषेत मांडले. तथापि २०१७ चा आरएफसी ८२१२ अधिक मूलगामी वाटतो. बाहेरच्या शेजाऱ्याबाबत धोरणच लिहिलेले नसेल, तर वाट घेऊ नये आणि देऊही नये, असे तो सांगतो. येथे मौनाचा अर्थ संमती नसून नकार आहे.

निष्कर्ष : वर्गात खुणा पाठ करून घेतल्याने धोरण समजत नाही. विद्यार्थ्याने प्रथम आपल्या मातृभाषेत, मराठीत वा उर्दूत, अट, कृती आणि अपवाद ही तीन वाक्ये लिहावीत; एक्सएमएल त्यानंतर. ज्याला अपवाद सांगता येत नाही, त्याच्या हाती राउटर देणे धोक्याचे आहे.