भुताला पेटी-तबला कशाला?

भुताची गोष्ट सांगणाऱ्याने स्वतः घाबरायचे नसते, हा साधा नियम आमच्या आजीला ठाऊक होता. हल्लीच्या ऑडिओबुकवाल्यांना तो कुणीतरी सांगायला हवा. आजी तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "मग तिनं तिथनंच हात लांब केला आणि चुलीतला निखारा उचलला." बस्स! आवाज चढवणे नाही, डोळे वटारणे नाही. मध्येच खडा सापडला तर तो शांतपणे बाजूला टाकायची. तेवढ्या वेळात आमची बोबडी वळलेली असे.

हे मी काहीशा अधिकाराने बोलतो. डोळ्याच्या पडद्याने असहकार पुकारल्यापासून ऐकणे हेच माझे वाचन झाले आहे. करवीर नगर वाचन मंदिर ही १८५० सालची संस्था. तिथून पिशवी भरून पुस्तके आणणारा मी, आता नातीने मोबाईलमध्ये घालून दिलेल्या गोष्टी ऐकत पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारतो. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आले आणि मराठीत कानाने वाचण्याच्या पुस्तकांची रीतसर पेठ उघडली. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांना आता चष्म्याशिवाय भेटता येते. आमच्यासारख्यांवर हे उपकारच आहेत. पण उपकाराच्या चहात साखर कमी पडली तर बोलूच नये, असे थोडेच आहे?

माझे मुख्य भांडण पार्श्वसंगीताशी. दार करकरण्याआधीच व्हायोलिन करकरते. मग बिचाऱ्या दाराने करायचे काय? आणि आवाज! परवा ऐकलेल्या एका गोष्टीत नायक सुरुवातीला एस.टी.चे तिकीट काढतो. वाचकमहाशयांनी ते वाक्य अशा घोगऱ्या, थरथरत्या सुरात म्हटले की मला कंडक्टरच पिशाच्च वाटला. पुढे खरे पिशाच्च आले तेव्हा महाशयांच्या घशात काही शिल्लकच नव्हते. ते नुसते खोकले.

धारपांच्या बाबतीत तर हा शुद्ध अन्याय आहे. धारप रसायनशास्त्र शिकलेले. त्यांचे गद्यही प्रयोगवहीसारखे आहे. खोली किती लांब, खिडकी कुठल्या बाजूला, वास कधी सुरू झाला, याची चोख नोंद असते, आणि त्या नोंदींतूनच थंडी हळूहळू पाठीवर चढते. असे गद्य विमा कंपनीच्या इन्स्पेक्टरच्या आवाजात वाचावे. त्यांच्या कथांवर परदेशी छाया आहेत हे खरे. 'आजी' ही कथा स्टीफन किंगच्या आजीवरून आली आणि २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटात तिचा अंश उतरला, म्हणजे ही म्हातारी अमेरिकेतून पुण्याला आणि पुण्याहून कोकणात गेली. पण धारपांच्या हातून ती नऊवारी नेसूनच निघाली, हे मान्य करायला हवे.

मतकरींचे वेगळे. तिथे भूत असेलच असे नाही, शेजारचा माणूस पुरतो. ते नाटककार. शेवटचे वाक्य पडदा पडावा तसे पडते. त्यानंतर दोन क्षण तरी शांतता हवी की नको? ती न देता लगेच निर्मात्याचे नाव, ध्वनिमुद्रकाचे नाव! नातीला सांगावे तर ती गोष्टी दीडपट वेगाने ऐकते. तिची हडळ गडहिंग्लजची शेवटची गाडी पकडायला निघाल्यासारखी धावते. "आजोबा, वेळ वाचतो की!" म्हणते. भिण्यातला वेळ वाचवून हिला तो खर्च कुठे करायचाय, देव जाणे. 

वास्तविक आमच्या भागाला हे शिकवण्याची गरज नव्हती. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, त्यांच्या जोडीला द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर, हे तिघे कथाकथनाला उभे राहिले की सभागृह भरायचे. सोबत ना पेटी, ना तबला. होते ते फक्त कुठे थांबायचे याचे ज्ञान.

पण संगीत एकवेळ परवडले. मला खरी भीती वाटते ती 'सत्य अनुभव' म्हणून ऐकवतात त्या मालांची. तिथे करणी खरी, भगत खरा आणि उतारा तर हमखास गुणकारी! २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, तो या मंडळींच्या कानापर्यंत पोहोचलेला दिसत नाही. आमच्या परिचयाच्या एका पदवीधर गृहस्थांनी असला एक भाग ऐकून नातवाच्या तापावर डॉक्टरांच्या आधी लिंबू आणले. सूनबाई खमकी, म्हणून पोर वेळेत दवाखान्यात पोहोचले. धारपांची भुते मी आनंदाने सोसतो. ती गोष्ट संपली की गोष्टीतच राहतात, कुणाच्या नातवाला हात लावत नाहीत.

अशाच एका 'सत्य' मालेत पन्हाळ्याच्या अंधारबावेत हडळ बसवली होती. अहो, ती तीन मजली विहीर बांधली शत्रूपासून पाणी राखायला! १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा गडाभोवती महिनोन्‌महिने पडला होता. बाहेर पाऊस, खाली शत्रूच्या चौक्या, आणि आत अंधारात पायऱ्या उतरून पाण्याला गेलेला एखादा माणूस. तिथे आणखी हडळ कशाला हवी? ही गोष्ट कुणी लिहून, व्हायोलिनशिवाय, साध्या आवाजात वाचणार असेल, तर मी वर्षाची वर्गणी आगाऊ भरायला तयार आहे.