त्सेंगच्या घंटा : पाहाव्यात की ऐकाव्यात?

चीनमधील वूहान येथे हुबेई प्रांताचे वस्तुसंग्रहालय आहे. त्सेंग या लहानशा राज्याचा अधिपती यी याच्या, इ. स. पूर्व ४३३ च्या सुमाराच्या थडग्यातील वस्तू तेथे मांडल्या आहेत. त्यांतील मुख्य आकर्षण म्हणजे १९७८ च्या उत्खननात मिळालेला ६५ कांस्य घंटांचा संच. सर्वांत मोठी घंटा सुमारे २०० किलोग्रॅमची आहे.

प्रेक्षक थक्क होतात ते या भव्यतेने. आमच्या मते खरे नवल घंटेच्या घडणीत आहे. आपल्या देवळातील घंटा गोल असते आणि तिचा नाद रेंगाळतो. या घंटांचे तोंड बदामाच्या आकाराचे असल्याने नाद लवकर विरतो, म्हणून त्यांवर सुरावट वाजवता येते. शिवाय प्रत्येक घंटा दोन स्वर देते. काठाच्या मधोमध ठोका दिला तर एक, जरा बाजूला दिला तर दुसरा. एका कंपनाचा निस्पंद बिंदू असतो तेथेच दुसरे कंपन जागे होते. गोल घंटेत या दोन्ही कंपनांची वारंवारता एकच असते, येथे ती वेगळी होते. घंटांवर स्वरांची नावेही कोरलेली आहेत.

मूळ घंटा जपाव्याच लागतात. म्हणून संग्रहालय प्रतिकृतींवर मैफल सादर करते, हे उत्तमच. पण धून ऐकताना दोन स्वर एकाच घंटेतून आले, हे कानाला उमगत नाही. त्यासाठी एकच घंटा, दोन ठोके आणि मधली शांतता हवी. हा प्रयोग वर्गातही करता येईल. कान असलेला चिनी मातीचा कप घ्या. कानाच्या बरोबर समोर काठावर चमच्याने हलका ठोका द्या, नंतर तेथून ४५ अंशांवर द्या. दुसरा स्वर किंचित उंच लागेल.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. याच थडग्यात यीसोबत २१ मुली व तरुणी पुरलेल्या आढळल्या. घंटा ओतणाऱ्या कारागिरांची बुद्धी आणि या मुलींचे मरण, दोन्ही एकाच दरबारातली. विद्यार्थ्यांना संग्रहालय दाखवताना पहिली गोष्ट सांगून दुसरी वगळली, तर त्यांना वैभव दिसेल, इतिहास दिसणार नाही.