कर्नेल, कंपायलर आणि टक्क्यांचे तक्ते

संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत कंपायलरची बोळवण बहुधा एका वाक्यात होते. माणसाला कळणाऱ्या भाषेतली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा तो दुभाषी, एवढे सांगितले की धडा पुढे सरकतो. दुसऱ्या बाजूला हौशी जाणकार मंडळी आहेत. ती लिनक्सचा कर्नेल कधी या कंपायलरने तर कधी त्या कंपायलरने बांधतात आणि अमक्या ऑप्टिमायझेशनने इतके टक्के वेग वाढला असे तक्ते मांडतात. आमची तक्रार दोघांबद्दलही आहे, आणि तिचे मूळ एकच आहे.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसरचा वेळ व स्मृती यांची वाटणी तो करतो; डिस्क, नेटवर्क, कळफलक यांच्याशी बोलतो. लिनक्सचा कर्नेल मुख्यतः ‘सी’ भाषेत लिहिलेला आहे. १९९१ पासून अनेक वर्षे तो व्यवहारात जीसीसी या एकाच कंपायलरने बांधला जात असे.

आता ‘दुभाषी’ या शब्दाकडे पाहू. १ पासून ‘न’ पर्यंतच्या संख्यांची बेरीज करणारी चार ओळींची आज्ञावली लिहा. तीत एक चक्र असेल, आणि ते ‘न’ वेळा फिरेल. क्लँग हा कंपायलर ‘ओ-२’ या पातळीवर ते चक्रच काढून टाकतो आणि जागी आपल्याला नववी-दहावीपासून ठाऊक असलेल्या सूत्राच्या धर्तीचा गुणाकार घालतो. लिहिले होते एक, चालते दुसरे. उत्तर मात्र तेच. हे भाषांतर नव्हे, पुनर्लेखन आहे. ते करण्याची मुभा कंपायलरला भाषेच्या नियमांतून मिळते, आणि हेच नियम कर्नेलच्या बाबतीत अंगाशी येऊ शकतात.

२००९ सालचे उदाहरण घ्या. लिनक्सच्या ‘टन’ नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एक पत्ता आधी वापरला होता आणि तो शून्य तर नाही ना, ही तपासणी त्यानंतरच्या ओळीत होती. चूक माणसाचीच, क्रम उलटा पडला होता. जीसीसीने मात्र तर्क केला : सीच्या नियमाप्रमाणे शून्य पत्ता वापरणे वैध नाही; हा पत्ता तर वापरला आहे; म्हणजे तो शून्य असणार नाही; म्हणून तपासणी अनावश्यक. तपासणी गाळली गेली. साध्या आज्ञावलीत शून्य पत्त्याला हात लावला की ती तिथल्या तिथे कोसळते. कर्नेलच्या बाबतीत त्या पत्त्यावर घुसखोराला आधीच स्वतःचा मजकूर ठेवता येण्याच्या वाटा होत्या. संपूर्ण यंत्राचा ताबा कसा घेता येतो, हे लगेच दाखवूनही दिले गेले. मूळ मजकूर वाचणाऱ्याला तपासणी दिसत होती. चालणाऱ्या कर्नेलमध्ये ती नव्हती. पुढे ओळींचा क्रम सुधारला गेला, शिवाय अशा तपासण्या गाळू नयेत अशी सूचना कंपायलरला कायमची दिली गेली. अशा सूचना आणखीही आहेत.

म्हणजे कर्नेल प्रमाण सीमध्ये लिहिलेला नाही, सीच्या एका बोलीत लिहिलेला आहे. ही बोली जीसीसीला येत होती. क्लँगने कर्नेल बांधण्याचा प्रयत्न सुरू झाला तेव्हा तिच्यातले काही प्रयोग क्लँगने स्वीकारलेच नाहीत, आणि काही कर्नेलमधून काढून टाकावे लागले. २०१७ मध्ये गूगलचा पिक्सेल २ हा फोन क्लँगने बांधलेल्या कर्नेलसह बाजारात आला. दुसऱ्या कंपायलरचा आम्हांला दिसणारा मोठा फायदा वेगाचा नाही : पहिल्याने मुकाट्याने पोटात घातलेल्या गोष्टींवर दुसरा बोट ठेवतो. गंमत अशी, की ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद केले तर कर्नेल बांधलाच जात नाही. अमुक भाग कंपायलर गाळणारच, असे धरून काही ठिकाणी मजकूर लिहिलेला आहे.

आता तक्त्यांकडे. कर्नेल सहसा ‘ओ-२’वर बांधतात. ‘ओ-३’वर कंपायलर चक्रे उलगडतो आणि फलने जागच्या जागी घालतो, त्यामुळे यंत्रभाषेतला मजकूर वाढतो. गणिती आज्ञावलीला, जी एकाच चक्रात तासन् तास फिरते, याचा लाभ होऊ शकतो. कर्नेल क्षणभर जागा होऊन काम उरकतो व बाजूला होतो. त्याचा फुगलेला मजकूर प्रोसेसरच्या छोट्या जलद स्मृतीत इतरांची जागा अडवतो. २०२२ मध्ये ‘ओ-३’चा पर्याय सर्व प्रकारच्या प्रोसेसरांसाठी खुला करावा असा प्रस्ताव आला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी तो मान्य केला नाही, आणि आमच्या मते ते योग्यच झाले.

पण ‘ओ-३’ने तीन टक्के वेग वाढला, असे मोजून दाखवणाऱ्याचे काय? २००९ मध्ये मिट्कोविच व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की आज्ञावलीचे तुकडे जोडण्याचा क्रम बदलला, किंवा तिच्याभोवतीच्या परिस्थिती-चलांची लांबी बदलली, तरी ‘ओ-३’ लाभाचा की तोट्याचा हा निष्कर्ष उलटू शकतो. कारण एवढेच, की मजकूर स्मृतीत थोडा इकडेतिकडे सरकतो. २०१३ मध्ये कर्टसिंगर व बर्गर यांनी आज्ञावलीची स्मृतीतली मांडणी चालू असतानाच पुन्हापुन्हा यदृच्छया बदलून मोजमाप घेतले, तेव्हा ‘ओ-२’ व ‘ओ-३’मधला फरक योगायोगापासून वेगळा काढता आला नाही. या चाचण्या कर्नेलवर नव्हत्या, साध्या आज्ञावल्यांवर होत्या. पण कर्नेलच्या तक्त्यांना त्यातून सूट मिळण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

लंबकाचा आवर्तनकाल एका आंदोलनावरून काढणाऱ्या विद्यार्थ्याला आपण प्रयोगवहीत लाल शेरा देतो. एकदा बांधून, एकदाच चालवून काढलेले टक्के त्याच शेऱ्याला पात्र आहेत. जीसीसी आणि क्लँग दोन्ही विनामूल्य मिळतात. बेरजेची आज्ञावली दोघांकडून ‘ओ-०’ आणि ‘ओ-२’वर बांधून घ्यावी, प्रत्येक वेळी वीसदा चालवून वेळा लिहाव्यात आणि सरासरीआधी त्यांतला कमाल-किमान फरक पाहावा. मग यंत्रभाषेतला मजकूर उघडून चक्र कुठे राहिले आणि कुठे गेले, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.